बी-१२ भरपूर, तरीही बी-१२चीच कमतरता: एका माळकरी घरातलं प्रकरण

संदर्भ चिठ्ठीत मोजक्याच ओळी होत्या. हिमोग्लोबिन ५.६ ग्रॅम. पांढऱ्या पेशी २,६००. प्लेटलेट ५८,०००. व्हिटॅमिन बी-१२ची पातळी १,१८० पिकोग्रॅम, म्हणजे लॅबच्या वरच्या मर्यादेच्याही पुढे. खाली दोन शंका, ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) किंवा मायलोडिस्प्लासिया (रक्तपेशी नीट न घडण्याचा आजार), आणि बोन मॅरो, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या अस्थिमज्जेच्या, तपासणीसाठी पुण्याला न्यावं असा सल्ला.

कागदावर पाहिलं तर या तर्कात खोट काढता येत नाही. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असं तिन्ही एकदम उतरलं की संशय अस्थिमज्जेवर जातो. बी-१२च्या कमतरतेतही तिन्ही उतरतात, हे चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना माहीत होतंच. म्हणून तर त्यांनी ती तपासणी सांगितली होती. पातळी जास्त निघाली आणि तो रस्ता बंद झाला. उलट काही रक्तकर्करोगांत बी-१२ वाढलेलं सापडतं, त्यामुळे संशय आणखी घट्ट झाला. घरच्यांनी त्यातून एवढंच उचललं होतं की रक्ताचा कॅन्सर असू शकतो. रुग्ण बाईंच्या मुलाने मला पहिला प्रश्न विचारला तो पुण्याला खर्च किती येईल हा.

निदान शेवटी बी-१२च्या कमतरतेचंच निघालं. ते कुठल्याही महागड्या तपासणीवर उभं राहिलं नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रुग्ण आणि तक्रार

बाई ४९ वर्षांच्या, सोलापूर जिल्ह्यातल्या, पंढरपूरच्या अलीकडच्या एका गावातल्या. घर माळकरी. सासऱ्यांपासून वारी चालत आलेली, घरात अंडंसुद्धा येत नाही. मधुमेह सात वर्षांपासून. मेटफॉर्मिन एक ग्रॅम सकाळ-संध्याकाळ. शिवाय ‘पित्ताची गोळी’, म्हणजे पॅन्टोप्राझोल, रोज उपाशीपोटी. ती तीन-चार वर्षांपूर्वी कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. बंद करा असं कुणी म्हणालं नाही, म्हणून चालूच राहिली.

दम लागतो, अंगात त्राण नाही, तिखट खाल्लं की जिभेची आग होते, अशा तक्रारी होत्या. पण बाईंना स्वतःला सगळ्यात जास्त काय खटकत होतं, हे विचारल्यावर त्या वेगळंच बोलल्या.

“चप्पल पायात हाय का न्हाई त्येच कळंना सायेब. चार पावलं जाती आन् मागं वळून बघती, तर चप्पल उंबऱ्यातच.”

सूनबाईंनी भर घातली, “आत्या तोंड धुवायला गेल्या की भिंतीला हात लावून उभ्या राहतात. डोळ्यांवर पाणी मारलं की तोल जातो.”

या दोन वाक्यांवर मी थांबलो. डोळे मिटल्यावर तोल जातो, याचा अर्थ पाय कुठे आहे ही बातमी मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत पोचत नाही आणि इतके दिवस तिची भरपाई डोळे करत होते. ल्युकेमियाने हे सहसा होत नाही. मधुमेहाने पाय बधिर होतात, आणि गावात त्यांना तेच सांगितलं गेलं होतं: शुगरमुळे नसा खराब झाल्यात. ते अर्धं पटण्यासारखं होतं. उरलेलं अर्धं तपासणीत कळणार होतं.

आधीचा इतिहास असा. साधारण दीड वर्षापूर्वी थकवा वाढला तेव्हा हिमोग्लोबिन ८.१ निघालं. रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या. दोन महिन्यांत ९.६ झालं, बरंही वाटलं. मात्र त्याच सुमारास पायाला मुंग्या सुरू झाल्या. शौचाला काळी होते, पोट साफ होत नाही म्हणून बाईंनी गोळ्या सोडल्या. पुढे हळूहळू परत दम लागायला लागला. हा क्रम मी वहीत तारखांसह लिहून ठेवला, कारण रक्त वाढत असताना मुंग्या सुरू होणं ही साधी गोष्ट नव्हती.

लाल इंजेक्शन

खाण्याचा इतिहास घेताना ‘आहार कसा आहे’ असं विचारलं की ‘चांगला आहे’ एवढंच उत्तर येतं. म्हणून मी काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते विचारतो, आणि शक्यतो चूल सांभाळणाऱ्या माणसाला विचारतो. सूनबाईंनी सांगितलं: सकाळी कोरा चहा, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. दुपारी तुरीची आमटी, भात, मेथीची नाहीतर शेपूची भाजी. रात्री पिठलं-भाकरी. सोमवार आणि एकादशीला उपास, साबुदाणा किंवा भगर.

“दूध?”

“गाई दोन हायत. पण दूध डेअरीला जातं. घरात बाळापुरतं ठेवतो.”

“आणि तुम्ही, मावशी?”

“शुगर निघाल्यापासनं दुधाचा चहा सोडला की.”

हे ताट गरिबाचं नाही. त्यात डाळ आहे, पालेभाजी आहे, फॉलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचं अन्नातलं रूप, भरपूर आहे. फक्त बी-१२ नाही. वनस्पती बी-१२ बनवत नाहीत. ते जिवाणू बनवतात आणि माणसापर्यंत पोचतं ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून. माळ घातलेल्या घरात दूध हा एकच दरवाजा उरतो आणि इथे तोही संकलन केंद्रावर जात होता. त्यात मेटफॉर्मिन बी-१२चं शोषण कमी करतं, आणि पित्ताच्या गोळीने जठरातलं आम्ल घटलं की अन्नातलं बी-१२ प्रथिनापासून सुटायलाच अडचण येते. यकृतातला साठा दोन ते पाच मिलिग्रॅमचा असतो आणि रोजची गरज साधारण दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, त्यामुळे तूट उघडी पडायला वर्षं लागतात. सात वर्षं पुरेशी होती.

पण मग रिपोर्टमध्ये १,१८० कुठून आलं?

रिपोर्टवर नमुना घेतल्याची तारीख बुधवारची होती. त्याआधी काय उपचार झाले, असं विचारल्यावर मुलगा म्हणाला, काही नाही. पुन्हा विचारलं: सलाईन, इंजेक्शन, काहीच नाही? तेव्हा सूनबाई म्हणाल्या, सोमवारी गावातल्या दवाखान्यात सलाईन लावलं होतं, त्यात शक्तीचं इंजेक्शन सोडलं.

“कुठल्या रंगाचं होतं?”

“लाल. बाटलीतलं पाणी गुलाबी झालं होतं त्यानं.”

बी-१२च्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा अणू असतो आणि त्यामुळे त्याचा रंग लाल असतो. ज्या बी-कॉम्प्लेक्सच्या इंजेक्शनांत ते असतं ती लाल दिसतात. गावोगावी थकव्याला सलाईन आणि लाल इंजेक्शन हा ठरलेला उपचार आहे. सोमवारी शिरेतून बी-१२ गेलं आणि बुधवारी रक्त काढलं. लॅबने मोजलं ते बरोबरच मोजलं. तो आकडा दोन दिवसांपूर्वीच्या इंजेक्शनचा होता, सात वर्षांच्या तुटीचा नव्हता.

औषध सुरू करण्याआधी रक्त काढावं हे आम्ही विद्यार्थी असताना घोकतो. अशा इंजेक्शनांची नोंद मात्र बहुतेक वेळा कुठल्याच कागदावर नसते, आणि रुग्ण त्याला औषध समजत नाही. ते ‘नुसतं शक्तीचं’ असतं. म्हणून बी-१२चा आकडा वाचण्याआधी गेल्या काही आठवड्यांत कुठलं इंजेक्शन, कुठली मल्टिव्हिटॅमिन गोळी गेली हे रंगासकट विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तपासणी

बाई पांढऱ्याफटक होत्या आणि डोळ्यांच्या पांढऱ्यात हलकी पिवळट झाक होती. नाडी १०८, रक्तदाब ११० बाय ७०, फुप्फुसं स्वच्छ, हृदयावर हलका मर्मर. पाणथरी हाताला लागत नव्हती, मानेत-काखेत गाठी नव्हत्या, छातीचं हाड दाबून दुखत नव्हतं.

जीभ लालबुंद आणि गुळगुळीत होती, कडेचे उंचवटे पार झिजलेले. हाताच्या बोटांच्या सांध्यांवर काळपट डाग होते. घरच्यांच्या मते ते भांडी घासून पडले होते. आपल्याकडच्या बी-१२च्या रुग्णांत हे डाग बऱ्याचदा दिसतात. त्वचा सावळी असल्यामुळे ते नजरेतून निसटतात, हात उजेडात धरून पाहावं लागतं.

मग ट्युनिंग फोर्क घेतला, १२८ हर्ट्झचा. वाजवून आधी छातीच्या हाडावर टेकवला, म्हणजे ‘झणझण’ म्हणजे काय हे त्यांना कळावं. “हां, मुंग्या आल्यागत.” पायाच्या अंगठ्यावर टेकवला: काही नाही. घोट्यावर: काही नाही. नडगीवर: काही नाही. गुडघ्यावर: “थोडं.” दोन्ही पायांना सारखंच. डोळे मिटायला सांगून अंगठा वर-खाली केला तर दिशा सांगता येईना. त्या अंदाजाने बोलत होत्या आणि चुकत होत्या. पाय जुळवून उभं केलं, डोळे मिटायला सांगितले, तशा त्या डावीकडे कलल्या. सूनबाई तयारच उभ्या होत्या.

घोट्याचे झटके येत नव्हते. तळपायाला खालून रेघ ओढली तर दोन्ही अंगठे वर उठले. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. मधुमेहाने पायांतल्या नसा बिघडतात, पण त्याने अंगठा वर उठत नाही. तो उठतो तेव्हा मज्जारज्जूतच बिघाड असतो. स्पंदन आणि स्थितीचं ज्ञान वाहणारा मागचा भाग आणि हालचालींचं नियंत्रण वाहणारा बाजूचा भाग, असे दोन्ही एकाच वेळी झिजणं ही बी-१२च्या कमतरतेची जुनी, ओळखीची खूण आहे.

काचेवर

शुक्रवारी आमच्याकडे घेतलेल्या रक्तात हिमोग्लोबिन ५.४ होतं आणि एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान, १०९. शंभराच्या वर गेलं की पेशी मोठ्या धरतात. पण सरासरी ही सरासरीच असते. आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातली तफावत, २८ होती. साधारण १५च्या आत असावी लागते. इतकी तफावत असेल तर यंत्रावर न थांबता काच स्वतः डोळ्यांखाली घालावी.

तेल टाकून शंभराच्या भिंगाखाली पाहिलं. मोठ्या, लंबगोल तांबड्या पेशी सर्वत्र. त्यांच्यात अधूनमधून निळसर झाक असलेल्या ताज्या मोठ्या पेशी. आणि तुरळक, जेमतेम लक्षात येतील अशा, लहान फिकट पेशी. त्यांचं महत्त्व पुढे कळलं. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिलचं केंद्रक एरवी तीन-चार पाकळ्यांचं असतं. इथे पाच पाकळ्यांचे कितीतरी होते, सहाचेही सापडत होते. एका पेशीत मी सात मोजल्या. ब्लास्ट म्हणजे कच्च्या, कर्करोगाच्या वळणाच्या पेशी संपूर्ण काचेवर एकही दिसली नाही. आठवड्यातून ठरल्या दिवशी येणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना काच दाखवली, त्यांचंही मत तेच पडलं.

हे अतिपाकळ्यांचे न्यूट्रोफिल इंजेक्शननंतरही दहा-पंधरा दिवस रक्तात टिकतात. रक्तातला बी-१२चा आकडा दोन दिवसांत पालटला होता, काचेवरची साक्ष अजून जागेवर होती.

बाकीचे आकडे असे: एलडीएच, म्हणजे पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, ३,६५०, वरची मर्यादा २५०च्या आसपास. बिलिरुबिन २.६, त्यातलं बहुतेक अप्रत्यक्ष. फॉलेट व्यवस्थित. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) व्यवस्थित. होमोसिस्टिन, जे बी-१२ कमी पडलं की रक्तात साचतं, ३८, असावं १५च्या आत. ते रक्त बर्फावर ठेवून लगेच सीरम वेगळं केलं, कारण नमुना तसाच पडून राहिला तर आकडा खोटा वाढतो. क्रिएटिनिन ठीक. डायरेक्ट कूम्ब्स (शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींवर उलटलं आहे का ते पाहणारी तपासणी) निगेटिव्ह.

एलडीएच आणि बिलिरुबिन एवढं वाढलेलं पाहून कुणी म्हणेल, तांबड्या पेशी रक्तप्रवाहात फुटताहेत. त्यात प्लेटलेट कमी, म्हणजे टीटीपीसारख्या, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याच्या, तातडीच्या आजाराचाही विचार मनात येतो. बी-१२च्या कमतरतेत पेशी फुटतात हे खरं आहे, पण त्या अस्थिमज्जेतच, बाहेर पडण्याआधी फुटतात. डीएनए वेळेवर तयार होत नाही, पेशी वाढते पण विभागत नाही, आणि जिथे जन्मली तिथेच मोडते. कारखाना भरलेला, माल बाहेर नाही. म्हणून अस्थिमज्जेचा नमुना घेतला तर ती गच्च भरलेली आणि विचित्र, कच्च्या पेशींनी व्यापलेली दिसते. घाईत पाहणाऱ्याला ती ल्युकेमियासारखी भासू शकते, हा बोन मॅरो घाईने न करण्यामागचा माझा एक विचार होता.

निर्णायक ठरला तो साधा, स्वस्त आकडा: रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या तांबड्या पेशी. शुक्रवारी त्या ४.१ टक्के होत्या. उपचार न झालेल्या बी-१२च्या रुग्णात त्या तळाला असतात. बी-१२ मिळालं की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून चढतात आणि आठवड्याच्या आसपास शिखर गाठतात. सोमवारी इंजेक्शन, शुक्रवारी ४.१. हा चढ त्या लाल इंजेक्शनचा असेल तर येत्या सोमवारी आकडा कितीतरी वर जायला हवा, आणि प्लेटलेटही. अस्थिमज्जा कर्करोगाने व्यापलेली असेल तर असं होणार नाही.

तीन दिवसांचा निर्णय

घरच्यांना हे असंच समजावून सांगितलं. बोन मॅरो रद्द केलेला नाही, सोमवारपर्यंत थांबवला आहे. सोमवारी आकडे चढले नाहीत तर त्याच दिवशी पुण्याला जायचं. ताप आला, कुठून रक्त आलं, तर तेवढंही थांबायचं नाही.

रक्त चढवण्याचा आग्रह जास्त होता. दोन भाचे रक्त द्यायला सोबत आलेच होते. ५.४ हा आकडा ऐकून कुणालाही घाई व्हावी, पण हे हिमोग्लोबिन महिनोन्‌महिने उतरत आलं होतं आणि शरीर त्याला सरावलं होतं. बाई बसून बोलत होत्या, छातीत दुखत नव्हतं, फुप्फुसांत पाणी नव्हतं. अशा हृदयावर एकदम पिशव्या ओतल्या तर ते कोलमडण्याचा धोका असतो. अस्थिमज्जा कामाला लागलेली आहे असं दिसत असताना तो धोका घेण्यात मला अर्थ वाटला नाही. त्यांना दाखल करून घेतलं.

हायड्रॉक्सोकोबालामिन १,००० मायक्रोग्रॅम स्नायूत, एक दिवसाआड सुरू केलं. प्लेटलेट ५०,०००च्या वर होत्या म्हणून स्नायूत देता आलं. टोचल्यावर जागा काही मिनिटं दाबून धरली. पोटॅशियमवर लक्ष ठेवलं. नव्या पेशी भराभर बनायला लागल्या की त्या रक्तातलं पोटॅशियम ओढून घेतात, आणि मधुमेही, थकलेल्या हृदयाला ते महागात पडू शकतं. रविवारी पोटॅशियम ३.० पर्यंत उतरलं, सिरप देऊन भरून काढलं.

सोमवारी रेटिक्युलोसाइट १९ टक्के. प्लेटलेट १,४०,०००. पांढऱ्या पेशी ४,३००. हिमोग्लोबिन ६.३. मुलाला आकड्यांतलं फारसं कळत नव्हतं. पुण्याला जायचं नाही एवढं कळलं आणि तो बाहेर जाऊन पायरीवर बसून रडला.

रक्त वाढलं तेव्हा नसा का बिघडल्या

दीड वर्षापूर्वीच्या त्या गोळ्यांकडे परत यायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया आढळला. इतक्या मोठ्या प्रश्नावर लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी हा योग्यच सार्वजनिक उपाय आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या गोळीत बी-१२ नसतं.

ही गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्लंडमधल्या डॉक्टर मुंबईत आल्या आणि गरोदर बायकांमधल्या, विशेषतः गिरणी कामगार बायकांमधल्या, मोठ्या पेशींच्या ॲनिमियाचा अभ्यास करू लागल्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, तो बरा होतो असं त्यांनी दाखवलं आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. बी-१२ वेगळं काढता आलं ते १९४८ मध्ये. मधल्या काळात बी-१२ शोषलं न जाणाऱ्या रुग्णांना नवं फॉलिक ॲसिड दिलं गेलं. रक्त सुधारलं, पण नसांचं दुखणं कित्येकांत तसंच पुढे गेलं, काहींत बळावलं.

कारण असं, की बी-१२ नसेल तर पेशीतलं फॉलेट एका निरुपयोगी रूपात अडकून पडतं आणि डीएनए बनणं थांबतं. बाहेरून फॉलिक ॲसिड दिलं की हा अडथळा वळसा घालून टळतो आणि रक्त बनायला लागतं. नसांवरचं मायलिनचं आवरण राखायला मात्र बी-१२च लागतं, त्याला वळसा नाही. या बाईंचं हिमोग्लोबिन ८.१ वरून ९.६ गेलं तेव्हा सगळ्यांना गोळी लागू पडली असं वाटलं. त्या काळात मज्जारज्जू झिजत होता असं मी आता मागे वळून म्हणतो. पक्का पुरावा नाही, क्रम मात्र तसाच सांगतो. भिंगाखाली फॉलेटची आणि बी-१२ची कमतरता एकसारखीच दिसते. फरक सांगतो तो पाय.

मागे दडलेली दुसरी कमतरता

पहिले चार आठवडे हिमोग्लोबिन दर आठवड्याला साधारण एक ग्रॅमने चढलं. मग ९.८ वर अडकलं. एमसीव्ही १०९ वरून ७७ वर आला होता. दाखल झाल्या दिवशी फेरिटिन २१० होतं, म्हणजे लोहाचा साठा भरलेला वाटत होता. आता ते ९ निघालं.

पेशी बनतच नव्हत्या तेव्हा लोह वापरलं जात नव्हतं, साठ्याचा आकडा फुगलेला होता. कारखाना चालू झाल्यावर साठा काही आठवड्यांत खरडून निघाला. काचेवरच्या त्या तुरळक लहान फिकट पेशी हेच सांगत होत्या. मोठ्या पेशी आणि लहान पेशी मिळून सरासरी काढली की एमसीव्ही कमतरतेच्या मानाने सौम्य दिसतो. दोन्ही तुटी तोलामोलाच्या असत्या तर तो अगदी ‘नॉर्मल’ही आला असता.

लोह कुठे गेलं, हे विचारल्यावर बाई आधी गप्प बसल्या. मी बाहेर गेलो आणि सिस्टरनी विचारलं, तेव्हा दोन वर्षांपासून पाळी अनियमित आणि फार जाते असं कळलं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे साधी गाठ, निघाला, पुढचं स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोपवलं. लोहाच्या गोळ्या परत सुरू केल्या, एक दिवसाआड, त्या सोसल्या.

एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, त्याचंही सांगायला हवं. भरती होताना ते ८.९ होतं आणि त्यावरून मधुमेहाचं औषध वाढवायचं घाटत होतं. पेशींचं आयुष्य आणि वय बिघडलेल्या रक्तात हा आकडा भरवशाचा नसतो. बोटातून रोज मोजलेली साखर त्यापेक्षा बरी निघत होती. रक्त सुधारेपर्यंत आम्ही बोटाच्या साखरेवरच चाललो आणि मेटफॉर्मिनचा डोस वाढवला नाही. पित्ताची गोळी बंद केली; आठवडाभर जळजळ झाली, मग थांबली.

बी-१२ शोषायला जठरातलं जे प्रथिन लागतं त्या इन्ट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी पहिल्या दिवशी मुद्दाम केली नाही, कारण नुकत्याच दिलेल्या बी-१२मुळे तीही खोटी येऊ शकते. इंजेक्शन महिन्यावर गेल्यानंतर, पुढच्या इंजेक्शनच्या आधी केली. निगेटिव्ह आली. निगेटिव्ह आल्याने शक्यता संपत नाही, पण आहार, मेटफॉर्मिन आणि आम्ल कमी करणारी गोळी ही तीन कारणं समोर असताना आणखी खोलात शिरलो नाही.

एकाच चुलीवर जेवणारे

सूनबाईंचं बाळ आठ महिन्यांचं होतं, अंगावर पिणारं. आईसोबत रोज वॉर्डात यायचं. ते फारसं रडायचं नाही, घरच्यांच्या भाषेत ‘लई शहाणं’. आठव्या महिन्यातही बसत नव्हतं. केस विरळ आणि भुरे, रंग फिकट.

आईला बी-१२ नसेल तर दुधातून बाळाला मिळत नाही. अशी बाळं फिकी पडतात, मंद होतात, शिकलेलं विसरतात आणि काहींना पुढे थरथर सुरू होते. बालरोगतज्ज्ञ त्याला इन्फन्टाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात. या बाळाला थरथर नव्हती. ती येण्याची वाट पाहायची नव्हती.

या वेळी रक्त आधी काढलं, माय-लेकराचं दोघांचं, एक थेंबही औषध जाण्याआधी. सूनबाईंचं हिमोग्लोबिन ११.२, एमसीव्ही ९२. गरोदरपणात त्यांनी लोह-फॉलिकच्या गोळ्या नियमाने घेतल्या होत्या, आणि रक्ताची एवढीच तपासणी केली असती तर ‘थोडं कमी, पण ठीक’ म्हणून घरी पाठवता आलं असतं. बी-१२ निघालं १२४. दोनशेच्या खाली ती कमतरता धरतात. बाळाचं त्याहून कमी होतं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी हा विषय वर्षानुवर्षं धरून बसले आहेत. २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत बी-१२ कमी होतं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासातून २००८ मध्ये पुढे आलं की ज्या आयांचं फॉलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. ते आकडे मला पाठ होते. समोर बसलेल्या सूनबाईंकडे पाहताना त्यांचा अर्थ नव्याने कळला.

बाळाला बालरोगतज्ज्ञांनी इंजेक्शन सुरू केलं. थोड्याच दिवसांत ते माणसांकडे टक लावून बघायला आणि हाताला ओढायला लागलं. दोन महिन्यांत बसलं.

सासऱ्यांनी एक प्रश्न विचारला, तो इथे नोंदवतो, कारण कुठल्याही माळकरी घरात तो येणार. “औषध माळेला चालंल ना?” औषधातलं बी-१२ जिवाणूंच्या किण्वनातून बनवतात, त्यात प्राण्याचा अंश नसतो, पण काही कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं आणि ते प्राण्यापासून येतं. म्हणून त्यांना साधी गोळी लिहून दिली आणि पाकिटावरचं काय वाचायचं ते दाखवलं. अंडी खा असं मी सांगितलं नाही. ज्यांनी माळ श्रद्धेने घातली आहे त्यांना ती काढायला सांगण्याचा मला अधिकार नाही आणि वैद्यकीयदृष्ट्या गरजही नाही. हजार मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं जेमतेम एक टक्का नुसतं झिरपून शोषलं गेलं, तरी रोजच्या गरजेच्या कितीतरी पट होतं. रोज अर्धा लिटर दूध डेअरीला न घालता घरात ठेवायचं, असंही ठरलं. कमतरता भरून काढायला ते पुरेसं नाही, भरल्यावर टिकवायला मदत करतं.

सहा महिन्यांनी

बाईंचं हिमोग्लोबिन १२.४. एमसीव्ही ८८. एलडीएच व्यवस्थित. एचबीए१सी ६.८. जीभ भरली, सांध्यांवरचे डाग पुसट झाले. इंजेक्शन आता महिन्याला एक, आणि मेटफॉर्मिन चालू आहे तोवर ते चालूच राहणार.

पाय रक्ताएवढे सुधारले नाहीत. फोर्कची झणझण आता नडगीवर आणि घोट्यावर कळते, अंगठ्यावर नाही. तोंड धुताना भिंत लागत नाही, पण अंधारात बॅटरीशिवाय जात नाहीत. उजव्या पायाचा अंगठा अजून वर उठतो. नसांची सुधारणा बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत होते, त्यानंतर फार अपेक्षा धरता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. चपलेला मागून पट्टा लावून घेतला आहे.